चित्राखालच्या चार ओळी

अंधाऱ्या रात्री मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे शोधून त्यांच्या थोडे दक्षिणेला नजर नेली, तर तिथे कडा विरलेला एक धूसर ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायू आणि धुळीच्या ढगात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. आकाशदर्शनाच्या एका कार्यक्रमात लहान दुर्बिणीला डोळा लावून तो पाहणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मान वर करून मला विचारले होते, "काका, रंग कुठे आहेत?" तिने पुस्तकात याच तेजोमेघाचे हबल दुर्बिणीने टिपलेले चित्र पाहिले होते. ते गुलाबी, जांभळ्या आणि तपकिरी छटांनी भरलेले होते आणि दुर्बिणीत तिला दिसला तो राखाडी, किंचित हिरवट वाफेसारखा पुंजका. तिच्या स्वरात निराशेपेक्षा शंका अधिक होती. पुस्तकाने आपल्याला फसवले का, हे तिला खरे तर विचारायचे होते.

तिचा प्रश्न रास्त होता आणि तो आज लाखो लोकांच्या मनात आहे. अवकाश दुर्बिणींची चित्रे पूर्वी कधी नव्हती इतक्या संख्येने आपल्यापर्यंत पोहोचतात. वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, मोबाइलच्या पडद्यावर ती रोज दिसतात. मात्र ती कशी तयार झाली, कोणत्या प्रकाशात टिपली गेली, त्यातला कोणता रंग कशाची खूण आहे, हे सांगणाऱ्या चार ओळी वाटेतच गळून पडतात. माझे म्हणणे असे, की त्या ओळी चित्राचाच भाग आहेत. त्या वगळून चित्र लोकांपुढे ठेवणे म्हणजे अर्धीच गोष्ट हाती देणे होय आणि त्या अर्ध्या गोष्टीतून विस्मय जितका निर्माण होतो तितकाच अविश्वासही निर्माण होतो. शास्त्रीय संस्था, प्रकाशक, शिक्षक आणि माध्यमे यांनी ओळींशिवाय चित्र न देण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा, असे मला वाटते.

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाकडे पाहू. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी पुरेसा प्रकाश असल्याशिवाय काम करत नाहीत. मंद प्रकाशात आपण दंडपेशींच्या भरवशावर पाहतो आणि त्यांना रंगभेद कळत नाही. म्हणून चांदण्यात लाल फूलही काळपट दिसते. कॅमेरा तासन्तास प्रकाश साठवत राहतो, डोळा तसे करू शकत नाही. यावर कोणी म्हणेल, की यानात बसून तेजोमेघाच्या जवळ गेलो तर तरी रंग दिसतील. तेही खरे नाही. जवळ जाऊ तसा तेजोमेघाकडून येणारा एकूण प्रकाश वाढेल, पण तेजोमेघ आकाशात त्याच प्रमाणात अधिक जागा व्यापू लागेल आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याची उजळण होती तेवढीच राहील. अर्ध्या आकाशभर पसरलेला तो ढग आपल्याला फिक्या धुक्यासारखाच दिसेल. त्यामुळे 'तिथे गेल्यावर खरे कसे दिसेल' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'फारसे काही दिसणार नाही' असे आहे. माणसाच्या डोळ्याला जे दिसते तेच खरे, ही कसोटी आकाशाला लावली, तर बहुतेक विश्व खोटे ठरेल.

मग ते रंग येतात कुठून? हबलच्या सर्वांत गाजलेल्या चित्राचे उदाहरण घेऊ. १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या तीन उंच खांबांचे चित्र प्रसिद्ध झाले आणि 'निर्मितीचे स्तंभ' म्हणून ते जगभर पोहोचले. ज्या कॅमेऱ्याने ते टिपले त्याला रंग कळतच नव्हते. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला एवढेच तो मोजत होता आणि त्याच्यापुढे एकामागून एक वेगवेगळी गाळणी आणली जात होती. एका गाळणीतून फक्त ऑक्सिजनच्या अणूंनी सोडलेला प्रकाश येत होता, दुसरीतून हायड्रोजनचा, तिसरीतून गंधकाचा. अशा कृष्णधवल चित्रांना निळा, हिरवा आणि लाल असे रंग देऊन ती एकावर एक बसवली गेली. आता यातली मेख लक्षात घ्यायला हवी. हायड्रोजनचा तो प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि गंधकाचा सुमारे ६७२ नॅनोमीटरचा आहे. डोळ्याला दोन्ही लालच दिसतात. 'नैसर्गिक' रंग राखण्याचा हट्ट धरला असता, तर हायड्रोजन कुठे संपतो आणि गंधक कुठे सुरू होते हे कोणालाच कळले नसते, सगळा लाल चिखल झाला असता. शास्त्रज्ञांनी सर्वांत लांब तरंगांना लाल, मधल्यांना हिरवा आणि सर्वांत आखूड तरंगांना निळा रंग दिला. क्रम निसर्गाचाच ठेवला, फक्त अंतरे वाढवली. त्या चित्रातला हिरवा म्हणजे हायड्रोजन, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो खांब वाचता येतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ते छान रंगवलेले एक दृश्य राहते.

त्याच चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखा कापलेला काळा भाग आहे. कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक भाग अधिक बारकाईने, म्हणून लहान क्षेत्र टिपत असे. त्याचे चित्र इतर तिघांच्या मापाला आणल्यावर ती जागा रिकामी राहिली. पुढे छापताना अनेकांनी तो कोपरा कापून टाकला. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो, कारण हे चित्र आकाशातून आयते उतरलेले नसून कोणीतरी, कुठल्यातरी साधनाने, मर्यादेत राहून मिळवलेले आहे, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो.

जेम्स वेब दुर्बिणीच्या बाबतीत भाषांतर आणखी लांबचे होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर, टेनिसच्या मैदानाएवढ्या पाचपदरी पडद्याच्या सावलीत राहून अवरक्त प्रकाश पाहते. साडेसहा मीटर व्यासाचा तिचा आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा आहे आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा आहे, कारण सोने अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करते. ती ०.६ ते २८ मायक्रोमीटरपर्यंतचे तरंग टिपते, तर आपला डोळा सुमारे ०.७ मायक्रोमीटरलाच थांबतो. म्हणजे तिच्या चित्रांतले बहुतेक सर्व काही आपल्याला कधीच दिसले नसते. गाणे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेले तरी सुरांमधली अंतरे तीच राहतात आणि गाणे ओळखू येते. वेबच्या चित्रांत हेच घडते. आपल्या नजरेच्या टप्प्यापलीकडचे सूर आपल्या पट्टीत आणलेले असतात. याला खोटे म्हणणे अज्ञानाचे आहे. परंतु पट्टी बदलली आहे हे श्रोत्याला न सांगणेही बरे नाही.

'हे सगळे संगणकावर रंगवलेले आहे' असा आक्षेप घेणाऱ्यांना हसून वाटेला लावण्याची रीत मला मान्य नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे. चित्र तयार करणाऱ्याला निवड करावीच लागते. दुर्बिणीकडून आलेल्या आकड्यांत सर्वांत उजळ आणि सर्वांत मंद बिंदूंमध्ये प्रचंड फरक असतो. तो तसाच ठेवला तर पडदा जवळजवळ काळा दिसतो, म्हणून मंद भाग वर उचलावे लागतात. चित्राची वरची बाजू कोणती, हेही कोणीतरी ठरवते, कारण अवकाशात वर-खाली असे काही नाही. वेबच्या पहिल्या चित्रांपैकी कॅरिना तेजोमेघाच्या कडेचे जे चित्र जगभर वाखाणले गेले, त्यात तपकिरी धूळ खाली आणि निळसर भाग वर आहे. त्यामुळे ते डोंगररांगांवरच्या आकाशासारखे भासते आणि त्याला 'वैश्विक कडे' हे नावही मिळाले. तेच चित्र उलटे धरले असते, तर विज्ञान तेवढेच राहिले असते, पण मनावर झालेला परिणाम वेगळा असता. या निवडी करण्यात गैर काहीच नाही. त्या झाकून ठेवण्यात मात्र गैर आहे, कारण लपवलेली निवड उघडकीस आली की माणसे न लपवलेल्या मोजमापांवरही संशय घेऊ लागतात.

ओळी गळून पडल्या की काय होते, याचा पुरावा आपल्याच सूर्यमालेत आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉएजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेले. त्याने पाठवलेल्या प्रतिमांवरून जी चित्रे बनवली, त्यांत ढग, पट्टे आणि वारे ठळक दिसावेत म्हणून रंगांतला फरक मुद्दाम वाढवला होता आणि नेपच्यून गडद, शाईसारखा निळा झाला होता. चित्रे प्रसिद्ध करताना ही गोष्ट खालच्या मजकुरात नोंदवलेली होती. पुढे चित्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेले, भिंतीवरच्या तक्त्यांवर गेले, मुलांच्या खेळण्यांवर गेले आणि मजकूर मागे राहिला. तीसहून अधिक वर्षे शाळकरी मुलांनी युरेनस फिकट हिरवट आणि नेपच्यून गडद निळा रंगवला. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या पॅट्रिक आयर्विन यांच्या गटाने हबलवरचा वर्णपटमापक आणि चिलीमधली महाकाय दुर्बीण यांच्या निरीक्षणांवरून दोन्ही ग्रहांचे रंग पुन्हा काढले. दोघेही जवळजवळ सारख्याच फिकट हिरवट-निळ्या रंगाचे निघाले, नेपच्यून किंचित अधिक निळा एवढाच काय तो फरक. जाणकारांना हे पहिल्यापासून माहीत होते आणि कोणी खोटे बोलले नव्हते. एक ओळ गळली, तेवढ्याने दोन पिढ्यांच्या डोक्यात एका ग्रहाचा चुकीचा रंग बसला.

याहून अवघड प्रकरण कलाकाराने कल्पनेने काढलेल्या चित्रांचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लहान, लालसर ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या आकाराचे सात ग्रह असल्याची घोषणा झाली. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांचा त्यात मोठा वाटा होता. बातमीसोबत सात ग्रहांची चित्रे आली. कुठे समुद्र चकाकत होता, कुठे बर्फ होते, कुठे ढगांचे पट्टे होते. या ग्रहांपैकी एकही कोणी पाहिलेला नाही. दुर्बिणीला दिसला तो फक्त तारा, तोही एका ठिपक्याएवढा, आणि त्याचा प्रकाश ठरावीक काळाने एका टक्क्याहूनही कमी प्रमाणात मंदावत होता. त्या मंदावण्यावरून ग्रहांची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांच्या फेऱ्यांचा काळ काढला गेला. वेबने २०२३ मध्ये त्यांपैकी सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली. दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे २३० अंश सेल्सियस निघाले आणि त्यावरून तिथे वातावरण असल्याचे चिन्ह दिसले नाही. ठिपक्याएवढ्या प्रकाशातून ४० प्रकाशवर्षांवरच्या खडकाचे तापमान काढता येते, ही गोष्ट मला त्या सात रंगीत गोलांहून कितीतरी पटींनी थक्क करते. पण समुद्राचे चित्र पाहिलेल्या वाचकाला हा शोध चटका लावणारा वाटतो, जणू काही त्याच्याकडून काही काढून घेतले गेले. कल्पनाचित्रे बंद करावीत असे मी म्हणणार नाही. विचार करायला त्यांची मदत होते. मात्र 'हे कल्पनाचित्र आहे' हे शब्द चित्राच्या आतच, कापता येणार नाहीत अशा जागी, मोठ्या अक्षरांत असले पाहिजेत.

३१ जुलै २०२२ रोजी एका नामांकित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने काळ्या पार्श्वभूमीवरचे एक लाल, ठिपक्याठिपक्यांचे वर्तुळ समाजमाध्यमावर टाकले आणि वेबने टिपलेला हा आपला शेजारी तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी आहे, असे लिहिले. हजारो लोकांनी ते कौतुकाने पुढे पाठवले. ती सॉसेजची एक चकती होती. त्यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि चित्र आपोआप बोलते असे मानू नये, हा आपला हेतू असल्याचे सांगितले. फसलेल्या लोकांना मी दोष देणार नाही. खऱ्या चित्रांसोबत काय यायला हवे हेच त्यांना कधी दाखवले गेले नव्हते, मग खोट्यासोबत ते आलेले नाही हे त्यांच्या लक्षात कसे यावे? आता तर हवे ते दृश्य काही क्षणांत बनवून देणारी साधने प्रत्येकाच्या हाती आली आहेत. ओळींचा आग्रह आज जितका निकडीचा आहे तितका पूर्वी कधी नव्हता.

या आग्रहावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी अनेक सुजाण माणसांकडून ऐकला आहे. स्पष्टीकरणाने विस्मय मरतो, असे ते म्हणतात. सूर्यास्त पाहणाऱ्याच्या कानाशी प्रकाशाच्या विकिरणाचे सूत्र कशाला म्हणायचे? चित्र पाहून एखाद्याचा श्वास क्षणभर थांबला, तर त्याला तो क्षण मिळू द्यावा.

तो क्षण मिळायलाच हवा, याबद्दल माझे दुमत नाही. पण तो क्षण कशावर उभा असतो, हे एका चित्रापाशी थांबून पाहू. नोव्हेंबर २०१४ मध्ये हबलने सुमारे पाच अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकासमूहाचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अनेक तारकाविश्वांच्या मेळाव्याचे, चित्र घेतले. त्यातल्या एका दीर्घिकेभोवती चार पिवळसर ठिपके दिसले. चित्र म्हणून त्यात काहीच नाही, शेकडो ठिपक्यांत आणखी चार. परंतु ते चार ठिपके एकाच ताऱ्याचे आहेत. तो तारा त्या समूहाच्याही खूप पलीकडे, प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला नऊ अब्जांहून अधिक वर्षे लागावीत इतक्या अंतरावर स्फोट पावला. त्याचा प्रकाश समूहापाशी आला, तेव्हा तिथल्या प्रचंड वस्तुमानाने तो वाकवला आणि भिंगातून जावा तसा तो वेगवेगळ्या वाटांनी पुढे निघाला. चार वाटा त्या एका दीर्घिकेच्या चहूबाजूंनी आल्या. नॉर्वेजियन खगोलशास्त्रज्ञ स्यूर रेफ्सडाल यांनी असे काही दिसू शकेल आणि वाटांच्या लांबीतल्या फरकावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजता येईल, हे १९६४ मध्येच लिहून ठेवले होते, म्हणून त्या स्फोटाला त्यांचे नाव देण्यात आले.

गोष्ट इथे संपत नाही. समूहातले वस्तुमान कसे पसरले आहे याचा हिशेब मांडल्यावर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की त्याच प्रकाशाची आणखी एक, अधिक लांबची वाट आहे आणि त्या वाटेने येणारा प्रकाश अजून पोहोचायचा आहे. तो आकाशात नेमका कुठे आणि साधारण कधी दिसेल, हे त्यांनी आधीच जाहीर केले. मग ते त्या जागेवर दुर्बीण रोखून वाट पाहत राहिले. ११ डिसेंबर २०१५ रोजी तिथे ठिपका उगवला. नऊ अब्ज वर्षांपूर्वी एकदाच घडून गेलेली घटना माणसांनी ठरलेल्या जागी, अपेक्षित काळात पुन्हा घडताना पाहिली. पृथ्वी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी निघालेला प्रकाश एका वर्षाच्या फरकाने मागेपुढे पोहोचला आणि तो फरक मोजता आला. २०२३ मध्ये त्या उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेगही काढला गेला, जसा रेफ्सडाल यांनी सुचवला होता. गणित असेही सांगते, की आणखी एका वाटेने तो प्रकाश पूर्वीच येऊन गेला होता. तेव्हा तिकडे कोणी पाहत नव्हते.

हे सारे काढून घेतले, तर त्या चित्रात काय उरते? पाच ठिपके. स्पष्टीकरणाने इथे विस्मय मेला नाही, त्याच्यावाचून तो जन्मालाच आला नसता. रंगीत तेजोमेघांच्या बाबतीत आपल्याला हे जाणवत नाही, कारण ते मुळातच देखणे असतात आणि पाहणारा तेवढ्यावरच समाधान मानतो. स्टीफनचे पंचक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच दीर्घिकांचे वेबने टिपलेले चित्र घ्या. पाचही जणी एकमेकींना बिलगलेल्या दिसतात. त्यांपैकी चौघी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत आणि पाचवी फक्त चार कोटींवर, ती केवळ त्यांच्या आड आली आहे. चित्रात खोली नसते, ती ओळीतच असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. जागा कुठे आहे, वेळ कोणाला आहे, लोक वाचत नाहीत. याचे उत्तर एका अनपेक्षित दिशेने मिळाले, असे मी मानतो. जुलै २०२२ मध्ये वेबची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा दृष्टिहीन व्यक्तींसाठी प्रत्येक चित्राचे सविस्तर शब्दवर्णन सोबत दिले होते. चित्राच्या कोणत्या भागात काय आहे, कुठला रंग कुठे गडद होतो, ताऱ्यांना किती टोके दिसतात, सगळे साध्या वाक्यांत. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्या पलीकडेही ती वर्णने पोहोचली आणि डोळस माणसांनीही ती आवडीने वाचली. मी ती चित्र शेजारी ठेवून वाचली, तेव्हा एकट्या चित्रात माझ्या नजरेतून निसटलेल्या कितीतरी गोष्टी दिसल्या. ताऱ्यांची ती टोके ताऱ्यांची नसून दुर्बिणीच्या षटकोनी आरशांनी आणि तिच्या आधारदांड्यांनी उमटवलेली आहेत, हे एकदा कळले, की वेबचे कुठलेही चित्र पाहताना आधी नजर त्या टोकांकडे जाते आणि कोणता ठिपका आपल्याच आकाशगंगेतला तारा आहे, कोणती दूरची दीर्घिका, याचा अंदाज येऊ लागतो. लोक वाचत नाहीत, असे म्हणण्याआधी त्यांना वाचण्यासारखे काही दिले होते का, हे तपासायला हवे.

दुर्बिणी चालवणाऱ्या संस्था हे काम पुष्कळ अंशी करतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वेबच्या मूळ चित्रांसोबत दिशा दाखवणारी खूण, अंतराची मोजपट्टी आणि कोणत्या गाळणीला कोणता रंग दिला याचा तक्ता मिळतो. साखळी पुढे तुटते. वृत्तसंस्था चित्र उचलते आणि तक्ता सोडते, पाठ्यपुस्तक रंग उचलते आणि तरंगलांबी सोडते, पुढे पाठवणारा तर दुर्बिणीचे नावही सोडतो. म्हणून माझा आग्रह विशेषतः मधल्या हातांकडे आहे. कोणत्या दुर्बिणीने आणि कधी टिपले, कोणता रंग कशाची खूण आहे, वस्तू किती दूर आणि केवढी आहे, आणि त्यात मोजलेले किती व कल्पिलेले किती, एवढे चार ओळींत बसते. मुलांच्या पुस्तकांत तर याची गरज सर्वांत जास्त आहे, कारण तिथे बसलेला चुकीचा रंग पुसायला तीस वर्षे लागतात, हे नेपच्यूनने दाखवून दिले आहे.

या चित्रांसाठी पैसा लोकांचा लागतो. वेबवर सुमारे दहा अब्ज डॉलर खर्च झाले. त्या बदल्यात लोकांना काय मिळते, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा सुंदर चित्रे पुढे केली जातात आणि मला ते अपुरे वाटते. लोकांना खरोखर मिळते ते निरीक्षणांचे भांडार. ज्या गटाने निरीक्षण मागितले त्याला काही काळ, बहुधा वर्षभरापर्यंत, प्रथम वापराचा हक्क असतो. त्यानंतर ती माहिती जगातल्या कोणालाही विनामूल्य खुली होते. हा काळ किती असावा यावर वाद आहे. लहान गटांना आपले काम पुरे करायला थोडी उसंत हवी, असे माझे मत आहे. भांडार खुले असण्याची किंमत मात्र एचआर ८७९९ या ताऱ्याने पटवून दिली. २००८ मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्याच्याभोवतीच्या ग्रहांची थेट छायाचित्रे घेतली. त्यानंतर संशोधकांनी हबलने १९९८ मध्ये टिपलेली त्याच ताऱ्याची जुनी निरीक्षणे भांडारातून काढली, नव्या पद्धतीने ताऱ्याचा झगमगाट वजा केला आणि २००९ मध्ये त्यांत एक ग्रह सापडला, पुढे आणखी दोन. दहा वर्षे ते ग्रह त्या चित्रात होते. कोणती गाळणी, कोणती तारीख, किती वेळ प्रकाश साठवला, हे त्या आकड्यांसोबत नीट नोंदलेले नसते, तर ते कोणाच्याच कामी आले नसते. शास्त्रज्ञ एकमेकांना ओळींशिवाय चित्र कधीच देत नाहीत. मग लोकांनाच का द्यावे?

ओळींना तारीखही हवी, कारण त्या बदलतात. २००८ मध्येच हबलच्या चित्रांतला एक ठिपका फोमलहॉट ताऱ्याभोवतीचा ग्रह म्हणून जाहीर झाला होता. पुढच्या चित्रांत तो फिकट होत गेला, पसरला आणि दिसेनासा झाला. दोन खगोलांची टक्कर होऊन उडालेला तो धुळीचा ढग असावा, असा निष्कर्ष २०२० मध्ये मांडला गेला. चित्र तेच राहिले, त्याचा अर्थ बदलला. जुन्या मजकुरासह ते अजूनही फिरत असते. तारीख असेल, तर वाचक निदान विचारू शकतो की यानंतर काय कळले.

ज्या माणसाचे नाव त्या दुर्बिणीला दिले आहे, त्या एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून ५ आणि ६ ऑक्टोबर १९२३ मधल्या रात्री देवयानीतल्या तेजोमेघाचे छायाचित्र काचेच्या पट्टीवर घेतले. त्या काळी तो आपल्या आकाशगंगेतलाच ढग आहे की बाहेरची स्वतंत्र दीर्घिका, यावर जोरदार वाद चालला होता. पट्टीवर आकाश पांढरट आणि तारे काळे आहेत. हबल यांनी शाईने तीन ठिपक्यांजवळ खुणा करून 'एन' हे अक्षर लिहिले, म्हणजे अचानक उजळलेले नवतारे. नंतर जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की त्यांतला एक नियमाने उजळतो आणि मंदावतो. हेन्रिएटा लेव्हिट यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, की अशा रूपविकारी ताऱ्याच्या उजळण्याच्या काळावरून त्याचे खरे तेज आणि म्हणून त्याचे अंतर काढता येते. हबल यांनी 'एन' खोडला आणि शेजारी 'व्हीएआर!', म्हणजे रूपविकारी तारा, असे उद्गारचिन्हासह लिहिले. त्यांनी काढलेले अंतर आजच्या सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांपेक्षा बरेच कमी होते, तरी तो तेजोमेघ आकाशगंगेच्या बाहेर आहे, एवढे त्यातून निर्विवाद ठरले. ती काच जपून ठेवली आहे, खोडलेल्या अक्षरासकट. २०१० आणि २०११ च्या हिवाळ्यात हबल दुर्बीण त्याच ताऱ्याकडे वळवण्यात आली. तिने टिपलेल्या चित्रात तो हजारो ताऱ्यांच्या गर्दीतला एक साधा ठिपका आहे आणि त्याच्याजवळ नाव लिहिलेले नसेल, तर शोधूनही सापडत नाही.